तिसरा ढीग

३ मार्च

खारू,

पत्राला उशीर झाला म्हणून गाल फुगवून बसू नकोस. माझा लिहिणारा आजारी होता. म्हणजे आपल्या जिन्याखालचा घड्याळजी. साधं पडसं झालं होतं त्याला, पण पुरुषाचं पडसं ते! चार दिवस दुकान बंद, गळ्याला मफलर, आणि बोलणं असं की आता मृत्युपत्रच लिहायला घेतो. हे वाक्य लिहायला तो कुरकुरत होता. लिहिलंस ना रे? लिहिलं म्हणतो.

तू म्हणतेस फोन का करत नाहीस. फोनवर तू काय बोलतेस? जेवलीस का, बरी आहेस का, ठेवते. तीन मिनिटांत उरकतेस. पत्र कसं, एकदा आलं की माझं झालं. घड्याळजीकडून मी ते दुपारी वाचून घेते, परवा पुन्हा वाचून घेते, आणि तिसऱ्यांदा त्याला कंटाळा आला की मग मीच त्याला म्हणून दाखवते. तुझं मागचं पत्र मला आता पाठ आहे. पाठ आहे, पण कळलेलं नाही.

तू लिहिलंस की तू दिवसभर एका गोदामाला प्रश्न विचारतेस आणि ते ढगात आहे. मी घड्याळजीला विचारलं, तो म्हणाला, काळ बदललाय आजी. त्याला काही समजलं नाही की तो असंच म्हणतो. तेव्हा तूच नीट सांग. गोदामात माल काय आहे? प्रश्न तू विचारतेस, मग उत्तर कोण देतं? आणि डोळ्यांच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणाली होतीस, तर हॉस्पिटलातल्या पोरीला गोदामाशी काय करायचं आहे?

इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला दिवा मंद झालाय, दोनदा बदलून घेतला, हल्ली दिवेच मंद येतात. आणि बाहेरच्या दाराची डावी चौकट आत सरकलीय. घर जुनं झालं की लाकूड फुगतं. दोनदा खांदा आपटला. सुताराला सांगायचंय.

तुझे आईबाबा तिकडून परत विचारत होते, येऊन राहतेस का म्हणून. मी म्हटलं, मग घड्याळजीच्या चुका कोण काढणार?

आजी

(मी लिहिणारा. पडसं साधं नव्हतं. ताप होता.)


११ मार्च

प्रिय आजी,

घड्याळजींना सांग, माझा त्यांच्या तापावर विश्वास आहे.

आता गोदामाचं. ढगात वगैरे काही नाही, ते नुसतं बोलण्यात. दूर कुठेतरी मोठ्या इमारती आहेत, त्यांत यंत्रं आहेत, आणि आमच्या सगळ्या गावांतल्या सगळ्या हॉस्पिटलांची माहिती तिथे ठेवलेली आहे. कोण कधी आलं, कुठला डोळा, कुठले थेंब, पुन्हा कधी यायचं. लाखो माणसं. हा माल. तुझ्या गावातलं हॉस्पिटलसुद्धा आमचंच आहे, जिथे तू चष्म्याचा नंबर काढायला गेली होतीस ना, तेच.

मी काय करते, तर त्या गोदामासाठी प्रश्न लिहिते. एकदा नीट लिहिला की तो मला रोज विचारावा लागत नाही. त्याची एक साखळी बांधून ठेवलेली आहे. रोज सकाळी सहाला साखळी आपोआप जागी होते. पहिली कडी गोदामाला प्रश्न विचारते. दुसरी कडी थांबते आणि मधून मधून विचारते, झालं का, झालं का? उत्तर आलं की तिसरी कडी ती यादी घेते, आणि चौथी यादीतल्या माणसांना निरोप धाडते, पत्र, मेसेज किंवा फोन, ज्याला जसा हवा तसा. सगळं पार पडलं की माझ्या पडद्यावर हिरवी खूण उमटते. मी तेव्हा अजून दातसुद्धा घासलेले नसतात.

माझा प्रश्न असा आहे: ज्यांची तपासणीची तारीख जवळ आली आहे, किंवा उलटून गेली तरी जे आले नाहीत, आणि ज्यांनी निरोप नको असं सांगितलेलं नाही, ती सगळी माणसं दे.

आजी, आठ महिने झाले, एकही दिवस हिरवी खूण चुकलेली नाही. आमच्या साहेबांनी ठरवलंय की माझी साखळी एक एप्रिलपासून सगळ्या नव्या गावांतही लावायची. मला जरा मिरवून घेऊ दे. इथे शाबास म्हणायला कुणी नाही, सगळे नुसता अंगठा दाखवतात. पडद्यावर, म्हणजे शाबासकीचा.

सुताराला लवकर बोलाव. आणि दिवा चांगल्या दुकानातून घे.

तुझी खारू


२० मार्च

खारू,

शाबास. घे. अंगठा मीही दाखवते, माझा तर शाईचा आहे.

मी तुझं पत्र चारदा वाचून घेतलं. ती दुसरी कडी मला आवडली, झालं का झालं का करणारी. तुझे आजोबा असेच होते, मी पीठ मळायला घ्यायच्या आधीपासून.

पण मला एक शंका आहे. तू हसशील, हस.

मी तीस वर्षं हॉस्पिटलात कपड्यांची खोली सांभाळली, हे तुला ठाऊक आहे. तू शाळेतून तिथेच यायचीस. तुझं लक्ष मात्र उशांच्या अभ्र्यांत बिस्किटं लपवण्यात. म्हणून तर खारू. एकदा एका पेशंटच्या उशीतून मुंग्या निघाल्या तेव्हा मी कुणाचं नाव पुढे केलं माहितीये? उंदराचं.

तर ते असो. मला अक्षर येत नव्हतं, म्हणून प्रत्येक खाटेची मी एक लाकडी चकती करून घेतली होती, तीवर खुणा. सकाळी धुण्याचे गठ्ठे परत यायचे. ज्या खाटेची चादर धुऊन आली, तिची चकती उजव्या टोपलीत. जिची चादर अजून खाटेवर आहे असं वॉर्डातून कळलं, तिची चकती डाव्या टोपलीत. आणि काही चकत्या उरायच्या. त्यांच्याबद्दल कुणी काहीच बोललेलं नसायचं. आली म्हणून नाही, नाही आली म्हणूनही नाही. त्या मी ओटीत घ्यायची. माझा तिसरा ढीग. ओटी रिकामी होईपर्यंत मी चहाला तोंड लावत नसे. उठायचं, वॉर्डात जायचं, त्या खाटेपाशी उभं राहून डोळ्यांनी बघायचं.

आमच्या हेडक्लार्कच्या रजिस्टरात दोनच रकाने. आली, नाही आली. तिसऱ्याला तो 'नाही आली'त ढकलायचा आणि त्याचं रजिस्टर रोज जुळायचं. मला म्हणायचा, बाई, तुम्ही उगाच जिने चढता.

एकदा ओटीत चार दिवस एकच चकती. वॉर्डात विचारलं तर म्हणाले, ती खाट रिकामी आहे. मी म्हटलं, मग चादर कुठेय? शोधत शोधत गेले तर खाट हलवून टोकाच्या व्हरांड्यात ठेवलेली, आणि तीवर एक म्हातारा. आहे म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, नाही म्हणूनही नाही. कण्हत नव्हता, मागत नव्हता. चार दिवस तीच चादर. मला बघून म्हणाला, बाई, माझा नंबर आला का?

म्हणून विचारते. तुझ्या प्रश्नात, निरोप हवा म्हणालेले एक झाले. निरोप नको म्हणालेले दुसरे. जे काहीच बोलले नाहीत, ते कुठे आहेत? तुझ्या गोदामाला ओटी आहे का?

दिवा बदलला. हाही मंदच निघाला.

आजी

(मी लिहिणारा. सवड काढून एकदा येऊन जा. शक्यतो लवकर. जास्त लिहीत नाही, आजी ऐकताहेत.)


२८ मार्च

प्रिय आजी,

उंदीर! इतकी वर्षं मला वाटत होतं की तुला माहीतच नाही.

घड्याळजींना सांग, येते. त्यांचा निरोप वाचून वाईट वाटलं. मला कळतं, तू एकटी पडतेस आणि ते तू कधी तोंडाने म्हणणार नाहीस. पण एक तारखेला साखळी सगळीकडे सुरू व्हायची आहे, साहेब दिवसातून सहा वेळा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात. ती एकदा मार्गी लागली की आठवडाभर तुझ्याकडे. तुझ्यासाठी चांगला दिवाही आणते.

आणि तुझ्या तिसऱ्या ढिगाबद्दल. तू खोली चालवायचीस तेव्हा माणसं बोलायची किंवा विसरायची. इथे तसं नसतं गं. प्रत्येक माणूस आला की खिडकीवरची बाई फॉर्म भरते, 'निरोप कसा हवा' असा एक रकाना असतो, त्यात काहीतरी लिहिलेलंच असतं. यंत्राला हो किंवा नाही, दोनच गोष्टी कळतात. तिसरं काही नसतं.

तरी तुझं मन राखायला आज दुपारी वेगळा प्रश्न विचारून बघते, रकाना रिकामा असलेली माणसं किती म्हणून. शून्य येईल. ते शून्य मी तुला पुढच्या पत्रात घडी घालून पाठवते.

तुझी खारू


१४ एप्रिल

प्रिय आजी,

परत येऊन आठवडा झाला. तिथे असताना मी तुला एक गोष्ट सांगितली नाही. समोरासमोर बसलो होतो, तू माझ्या ताटात वाढत होतीस, मला बोलवेना. म्हणून लिहिते. घड्याळजी, तुम्ही हे वाचून दाखवताना थांबू नका, आणि सौम्य करू नका.

त्या दिवशी पत्र पेटीत टाकून मी ऑफिसात आले आणि तो प्रश्न विचारला. शून्य आलं नाही. तीनशे बारा आले.

माझा प्रश्न म्हणत होता, 'निरोप नको' असं ज्यांच्या रकान्यात नाही, ती माणसं दे. मला वाटलं, रिकाम्या रकान्यात 'नको' नाहीच आहे, म्हणजे ती येणारच. पण गोदाम तसं धरत नाही. रकाना रिकामा असला की ते ना हो म्हणतं, ना नाही. म्हणतं, माहीत नाही. आणि ज्याच्याबद्दल माहीत नाही, त्याला यादीतून मुकाट्याने गाळतं. चूक झाली असं सांगत नाही, कारण त्याच्या मते चूक झालेलीच नसते. साखळी पुढे जाते. हिरवी खूण उमटते. तुझ्या हेडक्लार्कचं रजिस्टर, आजी. मी आठ महिने तेच रजिस्टर जुळवत होते आणि मिरवत होते.

मला एरवी कुणाचं नाव दिसत नाही, नुसते आकडे. पण या तीनशे बारांना कुठूनही निरोप गेला नव्हता, म्हणून त्यांच्या जवळच्या माणसांचे फोननंबर काढायचे ठरले. मी यादी काढली. वय अठ्ठ्याहत्तर. आपलं गाव. काचबिंदू, दोन्ही डोळे. शेवटची भेट अकरा महिन्यांपूर्वी. सही: अंगठा. आणि जवळच्या माणसाचा नंबर.

मी तो नंबर दोनदा वाचला. मग माझ्या टेबलावरच्या फोनकडे पाहिलं.

तेव्हा मला चौकट कळली. दिवा कळला. घड्याळजींचा निरोप कळला, जो मी, तू एकटी पडलीस एवढंच समजून, बाजूला ठेवला होता. मी दुकानात फोन केला, ते म्हणाले, "आजी डावीकडे ठेवलेला कप बघत नाहीत, मी आता उजवीकडेच ठेवतो, पण त्यांना सांगू नको." आणि मी मिळेल ती बस धरली.

डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याचं कडेचं दिसणं गेलंय ते परत येणार नाही. उजवा बराचसा शाबूत आहे, थेंब सुरू ठेवले आणि दर तीन महिन्यांनी दाखवलं तर राहील. मधले थेंब का बंद केले असं त्यांनी विचारलं, तू म्हणालीस, "बाटली संपली, तुम्ही बोलवाल म्हणाला होतात, बोलावलं नाहीत." आणि मी शेजारी बसून म्हणाले, "हॉस्पिटलकडून चूक झाली." तू माझा हात थोपटलास.

आजी, हॉस्पिटलकडून म्हणजे माझ्याकडून. बोलवायचं काम माझं होतं. तुझ्या डाव्या डोळ्यातलं जे गेलं ते माझ्या एका ओळीत गेलं.



खारू


२२ एप्रिल

खारू,

पत्र ऐकलं. घड्याळजी थांबला नाही, सौम्य केलं नाही, फक्त मधे एकदा चष्मा पुसला. म्हणाला दुकानात धूळ फार.

आधी त्याचा हिशेब करू. मी गप्प झाल्यावरही याचं पेन चालू असायचं. मला अक्षर येत नसलं तरी कान आहेत, आणि त्याच्या दुकानात भिंतभर घड्याळं आहेत. वीस मार्चच्या पत्रात मी शेवटी 'आजी' म्हटलं, त्यानंतर पेन तब्बल चौदा टिकटिक चाललं. मी तेव्हा काही बोलले नाही. म्हटलं, चालू दे. माझ्या मनातलं मला सांगवत नव्हतं, ते कुणी चोरून सांगत असेल तर आपण कशाला हात धरायचा? हेही लिही रे. आता लाजू नकोस.

आता तुझं. चूक तुझी आहे. मी ती तुझ्याकडून काढून घेणार नाही, तू काही लहान नाहीस आणि इथे उंदीरही नाही. पण सगळी तू एकटीनेच पदरात घेऊन बसलीस, ते चालायचं नाही. त्यातली अर्धी माझी आहे, ती इकडे दे.

तू लिहितेस, रकाना रिकामा होता. तो रिकामा कुणी ठेवला, ते विचारलंस का तुझ्या गोदामाला?

पहिल्या दिवशी तपासून निघताना खिडकीवरच्या मुलीने विचारलं, आजी, निरोप कसा पाठवू? पत्र, मेसेज का फोन? चांगली होती पोर, पेन हातात धरून थांबली होती. माझ्या मागे ही रांग. पत्र म्हणावं, तर वाचता येतं का असं विचारेल, आणि मागचे सगळे ऐकतील. मेसेजचं तेच. तीस वर्षं चकत्यांवर निभावलं, एका पोरीसमोर कबूल करायला जिवावर आलं. राहिला फोन. फोन मी उचलला असता गं. पण फोन आला असता तर जावं लागलं असतं.

डॉक्टरांनी नुकताच तो शब्द सांगितला होता. काचबिंदू. माझ्या आईला तोच होता. तेव्हा कुणाला नाव माहीत नव्हतं. शेवटची नऊ वर्षं ती खिडकीशी बसायची आणि कुणी जवळून गेलं की विचारायची, उजाडलं का? मी भर दुपारी सांगायची, हो, आत्ताच उजाडलं.

मी त्या मुलीला म्हटलं, राहू दे तसंच. ती म्हणाली, बरं. मग जवळच्या माणसाचा नंबर विचारला, तो मात्र मी धडधडीत सांगितला. मला एकच नंबर पाठ आहे. तू नोकरीला निघालीस तेव्हा जिन्यात उभं राहून मला तो पाच-पाच आकडे करून घोकायला लावलास, आठवतं? बस सुटायची वेळ झाली तरी सोडीनास.

आणि मग मी घरी येऊन बसले. बोलावलं नाही म्हणजे मी बरी आहे, असं ठरवून टाकलं. दिवा मंद, लाकूड फुगलं. बाई, मीच माझी चकती ओटीत टाकली आणि वर पदर झाकून बसले. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चकत्यांसाठी जिने चढले, स्वतःच्या एका चकतीसाठी उठवेना.

तर अर्धी तुझी, अर्धी माझी. आता रडणं पुरे, मला माहीत आहे तू रडते आहेस, पत्रावर एके ठिकाणी शाई पसरली होती असं घड्याळजी म्हणाला.

उजवा डोळा छान आहे. काल मी त्याच्या दुकानातल्या एका घड्याळाचा काटा अडकलेला त्याच्या आधी पाहिला. तो भिंग लावून बसला होता. त्याला फार लागलं ते.

परवा पुन्हा तपासणीला गेले होते. तीच मुलगी खिडकीवर. तिने यादी पाहिली, म्हणाली, आजी, हा रकाना रिकामा राहिलाय, काय लिहू? मी सांगितलं. या खेपेला मोठ्याने. काय सांगितलं ते तुला कळवत नाही. तुझ्या गोदामाला विचार.

आजी


३ मे

प्रिय आजी,

तुझी अर्धी पाठवून दिली. माझी ठेवून घेतली. हलकं वाटतंय असं म्हणणार नाही, पण उचलता येते.

साहेबांना सगळं सांगितलं, कुठली ओळ, कुणी लिहिली. एक एप्रिलचा मुहूर्त पुढे ढकलला गेला. ते रागावले, मग म्हणाले, बाकीच्या साखळ्यांतही बघ. बघितलं. आणखी दोन ठिकाणी तसंच निघालं. ती मात्र माझी नव्हती, हे तुला मुद्दाम कळवते.

आता साखळीला एक कडी वाढलीय. जे काहीच बोलले नाहीत, ती माणसं वेगळी निघतात. त्यांना यंत्र निरोप धाडत नाही. आमच्याकडे सहा बायका फोनवर बसतात, त्यांच्याकडे ती यादी जाते आणि त्या एकेकाला शोधतात. यादीचं नाव मी 'ओटी' ठेवलंय. गोदामात तसंच लिहिलंय. बायका सकाळी आल्या की एकमेकींना विचारतात, आज ओटीत किती? तीनशे बारांपैकी काल सत्तावीस उरले होते. आणि ओटी रिकामी होईपर्यंत हिरवी खूण उमटत नाही. ते मी केलं. चहाचंही बघत होते, पण बायकांनी ऐकलं नाही.

तुझा रकाना मी पाहिला नाही. गोदामाला एवढी एक गोष्ट विचारायची नाही असं ठरवलंय.

तुझी खारू


नेत्ररुग्णालय, तपासणी विभाग
१ जुलै

रुग्ण क्रमांक ४०७१८

आपली पुढील तपासणी दि. ९ जुलै रोजी सकाळी १० वाजता ठरली आहे. सध्या वापरात असलेले थेंब सोबत आणावेत.

हे पत्र संगणकाने तयार केले आहे. सहीची आवश्यकता नाही.


५ जुलै

पत्र पाठवणाऱ्या यंत्रास,

बाबा रे, तुझं पत्र मिळालं. मीच तसं सांगितलं होतं खिडकीवर. म्हटलं, पत्र लिही. ती म्हणाली, आजी, वाचाल ना? मी म्हटलं, नाही गं, मला वाचता येत नाही. वाचून दाखवणारा आहे, आणि तो एरवीही रिकामाच असतो. मागची रांग हसली. हसू दे, चांगलं हसली.

पत्राला उत्तर द्यायचं असतं. तुला कुणी शिकवलं नसेल, म्हणून मी देते. हॉस्पिटलच्या पत्त्यावर टाकते आहे, कुणीतरी तुला नेऊन देईल. देणारी कोण, ते मला ठाऊक आहे.

तू फार थोडक्यात लिहितोस. खुशाली विचारत नाहीस, तुझीही सांगत नाहीस. पण सहीची गरज नाही असं लिहिलेलं पत्र मला आयुष्यात पहिल्यांदाच आलं. ते ऐकलं आणि म्हटलं, आपलं जमेल. घड्याळजीने ती ओळ तीनदा वाचली.

तू सकाळी सहाला उठतोस म्हणे. ऊठ. पण तिला उठवू नकोस, तिला लहानपणापासून उशिरापर्यंत झोपायची सवय आहे. आणि कुणी काहीच बोललं नाही, तर ते गेलं असं समजू नकोस. व्हरांड्यात जाऊन बघ.

माझ्या डाव्या बाजूने येणार असशील तर आवाज दे. उजवीकडचं मला दिसतं. आज सकाळी उजाडलं तेही दिसलं, कुणाला विचारावं लागलं नाही.

थेंब पिशवीत ठेवलेत. घड्याळजी त्या दिवशी दुकान बंद ठेवतोय, पडसं नसताना.

नऊ तारखेला, सकाळी दहा. माझी चकती उजव्या टोपलीत टाक. मी येते.

आजी

(मी लिहिणारा. या खेपेला माझ्याकडून काही नाही.)